मांडेवालीचे हात

"काय काम करता आजी?" माझा उजवा हात दिव्याखाली धरत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही हो. घरीच असते. देवाचं करते."

पस्तीस वर्षं लोकांच्या लग्नाकार्यात खापरावर मांडे केलेल्या बाईने हे उत्तर दिलं. देवाचं करते म्हणे! देवाला मी रोज एक फूल वाहते, तेही शेजारच्यांच्या कुंडीतलं. माझ्या खुर्चीमागे माझी सून मनीषा उभी होती, तिने नाकातून एक आवाज काढला.  डॉक्टरीणबाईंनी माझी बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग, काही काळे, काही पांढरे पडलेले.

"देव बराच तापट दिसतो तुमचा," त्या म्हणाल्या.

मग मनीषाने सगळं सांगून टाकलं. आई मांडे करतात, कणीक तिंबतात, दिवसदिवस हात पाण्यात असतात, मेडिकलमधून ट्यूब आणून लावतात, माझ्या लग्नाच्याही आधीपासून. मी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती.

"हा एक्झिमा आहे, हातांचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्यामुळे दुसऱ्या कुणाला होणार नाही. पण हा पुरता जाईल असं वचन मी देत नाही. आटोक्यात ठेवता येतो."

"मग मी मांडे कधीपासून करू?"

"आधी हात तर शिल्लक ठेवू या."

सहासष्टाव्या वर्षी मला माझ्या आजाराचं नाव कळलं. तो आला तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. बत्तीस वर्षं एका घरात राहिलो आणि मी नाव विचारलं नाही. पुष्कळ बायकांचे संसारही असेच होतात म्हणा, पण मी आजाराबद्दल बोलते आहे.

हे लिहिते आहे ते अशा बायकांसाठी, ज्यांचे हात दिवसभर ओले असतात आणि ज्यांना काम विचारलं की "काही नाही" म्हणायची सवय आहे. औषधांची नावं मी देणार नाही, ती डॉक्टरला विचारा. मी फक्त माझा मूर्खपणा सांगणार आहे. तो भरपूर आहे.

हातावरचं काम

मी मूळची सटाण्याकडची. लग्न होऊन नाशकात, पंचवटीत आले. मांडे ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बागलाणात पुरणपोळी तव्यावर करत नाहीत. मातीचं मोठं खापर चुलीवर उपडं घालतात. कणीक मिठाच्या पाण्यात भिजवून इतकी तिंबायची की ओढली तर रबरासारखी यावी. पुरण भरलेला उंडा पोळपाटावर जरासा लाटला की तो हातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झेलत, फिरवत वाढवत न्यायचा. आधी पंजाएवढा, मग मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. हात सारखे ओले ठेवावे लागतात, नाहीतर मांडा चिकटतो. खाली विस्तव, वर वाफ.

हातमोजे घालून हे होत नाही. करून पाहिलं आहे. मांडा कुठे जाड राहिला आणि कुठे फाटायला आला आहे हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं.

म्हणजे मीठ, पाणी, कणीक आणि धग. एक्झिमाला जे जे आवडतं ते मी रोज त्याच्या ताटात वाढत होते.

त्या वेळची इंदू, म्हणजे मी, भारी शिष्ट बाई. ऑर्डरीला गेली की पदर खोचून, बांगड्या मागे सारून अशी उभी राहायची, जणू नवऱ्या मुलाकडची मंडळी हिलाच बघायला आली आहेत. "इंदूचा मांडा म्हणजे कांद्याचं साल" अशी माझी ख्याती होती. ती पसरवण्याचं बरंचसं काम मीच केलं होतं.

साबुदाणा

पहिल्यांदा बोटांच्या बेचक्यांत बारीक पाणीदार दाणे आले, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. दिसायला अगदी गरीब. खाज मात्र अशी की माणसाने लाज सोडावी. मी पोळपाटाच्या कडेवर हात घासले, दाराच्या कडीवर घासले, एकदा तर किसणीच्या पाठीवर घासले. दाणे फुटले, कातडी वाळली, सुटली, आणि खाली भेगा पडल्या. त्या भेगेत कणकेचं खारं पाणी गेलं की मी मोठ्याने ओवी म्हणायला लागायची. यजमानीणबाईंना वाटायचं, काय हौशी बाई आहे!

मग हुशार इंदू दवाखान्यात गेली का? छे. तिने मेंदी काढली.

कार्याच्या आदल्या दिवशी दोन्ही हातांवर, पुढून मागून, मनगटापर्यंत. मेंदीखाली लाली दिसत नाही. भेगा वेलबुट्टीत लपतात. पुढे ती तासाभरात रंगणारी तयार काळी मेंदी मिळू लागली. ती मला फार आवडली, कारण तिच्याखाली काहीच दिसत नसे. एका लग्नात वरमाई माझ्या हातांकडे बघून शेजारणीला म्हणाली, "अगं बाई, यातली नवरी कोणती म्हणायची?" आणि मी लाजले! चाळिशीची घोडी, दोन्ही हातांत कणीक, आणि लाजते आहे. मला वाटलं कौतुकच चाललंय.

काळी मेंदी लावली की दोन-चार दिवसांत हात पेटायचे. ते पेटलेले हात पुढच्या कार्यात झाकायला मी पुन्हा तीच मेंदी लावायची. हे मी कितीतरी वर्षं केलं. शाळेत माझा गणितात पहिला नंबर यायचा, हे इथे मुद्दाम सांगून ठेवते.

शकुंतलाताईचं औषध

शकुंतलाताई माझी थोरली जाऊ. ती सटाण्याकडे राहायची आणि उन्हाळ्यात आमच्याकडे यायची. एकदा मी मेंदीशिवाय सापडले.

"तुना हातले काय व्हयनं वं इंदू?" तिने आमच्या अहिराणीत विचारलं.

"काही नाही, चुलीची धग."

"धग नई, गजकर्ण शे ते. बिब्बा लाव. थेंबभर. काही नई व्हस."

बिब्बा ज्यांना माहीत आहे त्यांच्या अंगावर आत्ताच काटा आला असेल. तो सुईला टोचून दिव्यावर धरला की काळं तेल टपकतं. खेड्यातल्या बायका पायांच्या भेगांत सोडतात, तेही जपून. ताई थेंबभर म्हणाली होती. इंदूने विचार केला, एका थेंबाने एवढा गुण येतो तर चार बिब्ब्यांनी किती येईल? आणि दोन्ही पंजांना चोळलं.

दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. हात टम्म फुगले. फोड, पाणी, आणि कातडी अशी सुटली की ती माझीच आहे हे मला पटेना. बोटं मिटेनात, मिटली तर उघडेनात.

ताई घाबरली होती, पण कबूल करेल तर शपथ. "मी थेंबभरच सांगितलं होतं," ती चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, चक्क शहरी मराठीत. भांडायची वेळ आली की ती अहिराणी सोडून द्यायची.

तीन आठवडे मला केस विंचरता आले नाहीत, निऱ्या घालता आल्या नाहीत, आणि ज्या गोष्टी बाईने कुणाकडून करवून घ्यायच्या नसतात त्याही करवून घ्याव्या लागल्या. त्या सगळ्या शकुंतलाताईने केल्या, एकदाही तोंड वाकडं न करता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मला तिच्यावर रागवायचं होतं, आणि उपकार मोजत बसलं की राग टिकत नाही. ताई आता नाही. म्हणून इथे लिहिते.

आमचे हे तेव्हा होते, टेम्पो चालवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरणभात भरवला. दुसऱ्या दिवशीही भरवला. तिसऱ्या दिवशी घास माझ्या तोंडापाशी आणून म्हणाले, "किती दिवस चालणार हे? रविवारी ऑर्डर आहे."

मी तोंड फिरवलं.

"उपाशी राहून हात बरा होतो का?" ते म्हणाले.

बरोबरच होतं. मी तोंड उघडलं. पण तो घास मला अजून आठवतो. वाईट माणूस नव्हता. माझ्या हातांची काळजी त्यांनाही होती. फक्त ते हात मलाही लागतात, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. खरं म्हणजे माझ्याही आलं नव्हतं. रविवारची ऑर्डर गेली म्हणून मी त्यांच्यापेक्षा जास्त रडले.

दोन दिवसांत साफ

त्यानंतर ट्यूब आली. मेडिकलवाला म्हणाला, "हे लावा मावशी, दोन दिवसांत साफ." आणि खरंच दोन दिवसांत साफ! मी त्याला आशीर्वाद दिले, त्याच्या मुलाबाळांना दिले. महिनाभराने हात पुन्हा उठले, मी पुन्हा ट्यूब लावली. मग पंधरा दिवसांनी. मग आठ. शेवटी शेवटी माझ्या कनवटीला ती ट्यूब तंबाखूच्या डबीसारखी कायम असायची.

तिने हळूहळू माझी कातडी पातळ केली. पिशवीचा बंद ओढला तरी बोट फाटायचं. पुरण परतताना उडालेला थेंब दुसऱ्यांना चटका द्यायचा, माझं साल निघायचं. आयुष्यभर कांद्याच्या सालाची बढाई मारली, ती देवाने ऐकली आणि चुकीच्या ठिकाणी मंजूर केली.

लाल ठिपका

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या एका लॉन्सवर मोठं लग्न होतं. मांड्यांचं काउंटर पाहुण्यांच्या समोरच मांडलेलं. आजकाल लोकांना मांडा खाण्याआधी त्याचा व्हिडिओ काढायचा असतो. दोन खापरं, एकावर मी, दुसऱ्यावर मनीषा. रांग लागलेली.

थंडीने हात आधीच तडकलेले होते. मांडा मनगटाच्या पुढे गेला आणि उजव्या तर्जनीची भेग उघडली. मला कळलं. मी मांडा खापरावर टाकला. जिथे बोट लागलं होतं तिथे कडेला एक लाल ठिपका होता, मसुरीच्या डाळीएवढा.

इथे मी थांबायला हवं होतं. मी काय केलं ते लिहिते, कारण ते गाळलं तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही. मी मांडा भाजला. ठिपका आत जाईल अशी घडी घातली. वर तूप सोडलं आणि समोरच्या बाईच्या ताटात ठेवला. हसले सुद्धा.

मनीषाने पाहिलं. तिने तिच्या खापरापासून हात लांबवून त्या बाईच्या ताटातून तो मांडा उचलला. "ताई, हा कडक झालाय हो, थांबा, गरम देते," असं म्हणत तो पायाशी ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मागे जाऊन बसा."

"माझं खापर तापलंय."

"आई. मागे."

पडद्यामागे भांडी घासणाऱ्या बायका होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली. थोड्या वेळाने यजमानीणबाई स्वतः आल्या, पैठणी सावरत. "काय हो मावशी, बरं नाही का? सरबत पाठवू?" त्यांना काहीच कळलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, पण ते सरबत सोसवेना.

"गुडघे हो, गुडघे," मी म्हटलं. खोटं बोलायला मला कधी भेगा पडल्या नाहीत.

टेम्पोतून घरी आलो. दारात पाऊल टाकताच मनीषा म्हणाली, "उद्यापासून तुम्ही खापराला हात लावायचा नाही. डॉक्टरकडे जायचं. नाहीतर मी हे काम सोडते, तुम्ही करा एकट्या."

"तू मला शिकवणार? उंडा हातात कसा धरायचा ते तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच शिकवलं. आणि मांड्यात केस निघाला तर अख्खा मांडा फेकायचा, हेही तुम्हीच शिकवलं."

माझा मुलगा संजय चपला काढत होता. त्याने त्या परत घातल्या आणि दूध आणायला निघून गेला. आमच्या घरातल्या पुरुषांना भांडण सुरू झालं की काहीतरी आणायचं असतं.

तर अशी मी त्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीपर्यंत पोचले. मला आजाराचं नाव नको होतं, उपदेशही नको होता. मला फक्त माझ्या खापरापुढची जागा परत हवी होती. ती मिळेपर्यंत सांगाल ते करीन, असं मी मनात ठरवलं होतं.

पाठीवरची स्टिकरं

डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर ओळीने बारीक बारीक स्टिकरं चिकटवली. कशाचं वावडं आहे ते यातून कळतं म्हणे. दोन दिवस आंघोळ नाही. माझी नात तन्वी म्हणाली, "आजी, तू पार्सलसारखी दिसतेस. कुठे पाठवायचं?" म्हटलं, "तुझ्या सासरी."

स्टिकरं काढल्यावर एके ठिकाणी गांधीलमाशी चावल्यासारखं लालबुंद उठलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "केसांना काय लावता?"

"तेल."

मनीषा खोकली. सहासष्टाव्या वर्षी माझ्या डोक्यावर एक पांढरा केस नव्हता. दर महिन्याला डाय, तोही उघड्या हातांनी, कारण ब्रशने मुळापर्यंत जात नाही.

"त्या डायमध्ये आणि काळ्या मेंदीत जे रसायन असतं, त्याचंच तुम्हाला वावडं आहे," त्या म्हणाल्या. "पाण्याने आणि कणकेने त्रास व्हायचाच होता. पण इतका नाही."

म्हणजे मी ज्याने झाकत होते त्यानेच ते वाढत होतं. मी दवाखान्यात खो खो हसले. मग रिक्षात रडले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि गाण्याचा आवाज वाढवला. त्यालाही काहीतरी करायला हवं होतं, बिचाऱ्याला.

त्या चाळिशीच्या इंदूला आता भेटता आलं तर मी तिच्या रंगलेल्या हातांवर एक पट्टी मारीन. पण ती म्हातारीचं ऐकणारी नव्हती. पांढऱ्या केसांच्या बाईकडे बघून ती म्हणाली असती, "मावशी, जरा स्वतःकडे लक्ष देत जा."

महाग हात

मग ते महिने. दिवसातून कितीदा तरी मलम, रात्री वर सुती मोजे. भांडी नाही, धुणं नाही, लिंबू-टोमॅटो चिरणं नाही. ऐकणाऱ्याला वाटतं काय मजा आहे बाईची! मनीषा ऑर्डर करून यायची आणि मग घरची भांडी घासायला बसायची. मी पाटावर बसून लसूणसुद्धा सोलायचा नाही. एकदा ती भांडी जरा जोरात आपटायला लागली.

"दे, मी विसळते," मी म्हटलं.

"नको. तुमचे हात महाग झालेत."

मी उत्तर तयार केलं होतं, चांगलं झणझणीत. दिलं नाही. त्या दिवशी तिने दीडशे मांडे केले होते.

मलमाच्या डबीचं झाकण मला फिरवता यायचं नाही, बोटं वळायची नाहीत. तर मनीषा कामाला जाताना ते ढिलं करून ठेवायची. मी कधी मागितलं नाही, तिने कधी बोलून दाखवलं नाही. आम्ही दोघी त्या काळात दिवसाला चार वाक्यं बोलत होतो, त्यातली दोन मीठ-तिखटाची. पण झाकण रोज ढिलं असायचं.

बाहेरचं जग निराळंच. आमच्या भजनी मंडळात प्रसाद वाटायचं ताट वर्षानुवर्षं माझ्याकडे असायचं. एका मंगळवारी ते दुसरीने उचललं. "तुम्ही बसा इंदूताई, दमला असाल." बसून भजन म्हणण्यात कसली आली दमणूक? "अहो, हा लागट नाही," मी सांगितलं. सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या आणि ताट पलीकडून फिरलं. एकीने विचारलं, माहेरी कुणी नाग मारला होता का, त्याच्या शापाने कातडी फुटते म्हणे. म्हटलं, "नाग नाही, पण असले प्रश्न विचारणाऱ्या दोघी-तिघींना मारलं होतं." तेव्हापासून माझ्या शेजारी ऐसपैस जागा असते. दुसरी एक म्हणाली, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊन अकरा दिवस पहाटे हात बुडवा. ती तर भल्यासाठीच सांगत होती. पाण्यानेच हात गेले आणि पाण्यातच बुडवायचे!

रागाने घरी आले आणि मग जुनी गोष्ट आठवली. माहेरी आमच्या गल्लीत अंगावर कोड असलेली एक बाई होती. तिच्या हातचं पाणी मी कधी प्याले नाही. ती द्यायची, मी "तहान नाही" म्हणायची. भर उन्हाळ्यात. आमच्या मंडळातल्या बायकांनी मला निदान "दमला असाल" म्हटलं. तेव्हा मी तक्रार कुणाकडे करू?

ज्या कुणी हे वाचत असतील, धुणं-भांडी करणाऱ्या, पार्लरमध्ये काम करणाऱ्या, द्राक्षांच्या कामाला जाणाऱ्या, स्वयंपाकाला जाणाऱ्या, त्यांना एवढंच सांगते. डॉक्टरला काम सांगा, अगदी बोटांना काय काय लागतं तिथपर्यंत सांगा. डाय लावत असाल तर तेही सांगा, लाज धरू नका. दुकानदाराला दाखवून ट्यूब घेऊ नका. बिब्ब्याच्या वाटेला जाऊ नका, थेंबभरही. आणि "बरं वाटतंय" म्हणून मलम सोडू नका. मी सोडलं होतं, पावसाळ्यात, शहाणपणाने. परत पहिल्यापासून सुरुवात.

पाच

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सहा महिने माझे हात शांत होते. भेग नाही, दाणा नाही. मी दवाखान्यात गेले आणि सौदा करायला बसले.

"आता शंभर मांड्यांची ऑर्डर घेऊ?"

"नाही."

"पन्नास?"

"आजी, ही भाजीबाजाराची गल्ली नाही."

"मग किती ते तुम्हीच सांगा."

डॉक्टरीणबाईंनी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवले. "घरच्यापुरते. चार-पाच. सणाला एखाद्या वेळी. लगेच हात धुऊन मलम लावायचं. ऑर्डरी नाहीत. पुढेही नाहीत."

"पुढे म्हणजे कधीपर्यंत?"

त्यांनी माझी बाही खाली सरकवली. मी पुन्हा विचारलं नाही. दोन वर्षं मी मोजे घातले, केस पांढरे केले, लसूणसुद्धा सोलला नाही, ते ज्या जागेसाठी, ती जागा अशी गेली. हात मात्र छान झाले होते. मऊ. काही न करणाऱ्या बाईचे असतात तसे.

आखाजीला आमच्याकडे पितरांना पुरणाचा नैवेद्य लागतो. मनीषाच्या ऑर्डरी सकाळी आटपल्या होत्या. मागच्या अंगणात खापर अजून तापलेलं होतं. मी म्हटलं, "घरचे आज मी करते. डॉक्टरांनी परवानगी दिलीय."

"किती?"

"पाच."

"हात दाखवा," मनीषा म्हणाली.

मी दाखवले. सासूने सुनेपुढे हात पसरले, सणाच्या दिवशी. तिने मेथीची जुडी निवडताना बघतात तसे पाहिले, बेचक्यांत, नखांच्या कडेला. "जरा उजेडात या." मी उजेडात गेले. त्याच हाताने एक ठेवून द्यावीशी वाटत होती. पण तिच्या जागी मी असते तर मी याहून कडक तपासणी केली असती, हेही मला माहीत होतं.

"करा," ती म्हणाली. "पाचच."

पहिला फाटला. पस्तीस वर्षांची मांडेवाली, आणि पुरण खापरावर!  दुसरा जाड झाला. तिसऱ्याला हातांना आठवण आली. चौथा आणि पाचवा कोपरापर्यंत गेले. तन्वीने व्हिडिओ काढला. मनीषा मांड्यांकडे बघतच नव्हती, सगळा वेळ माझ्या बोटांकडे बघत होती.

कणीक मी मुद्दामच सहांची भिजवली होती. पाच झाल्यावर मी सहावा उंडा उचलला.

"आई, पाच झाले."

"हा वाया जाईल ना."

"नाही जाणार." तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या पाटाशेजारी येऊन उभी राहिली. उभीच राहिली. माझी बोटं चुणचुणायला लागली होती. ती चुणचुण मी ओळखते. आणखी थोडा वेळ मी बसून राहिले. मग उंडा तिच्या हातावर ठेवला आणि उठले. ती पाटावर बसली.

तिने मांडा झेलला, फिरवला, मनगटाच्या पुढे नेला. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि खरं सांगते, तो फाटावा असं मला वाटत होतं. एकदाच. चौघांसमोर. तो कोपरापर्यंत गेला, तिच्या दोन्ही हातांवर पसरला, आणि त्याच्यातून मला पलीकडचा विस्तव दिसायला लागला.

नाही फाटला.